चार इंचांच्या लिफ्टने फ्लेक्स वाढतो, हे मला मान्य नाही

कातळवाट (राजापूर):
काल येथे एका सदस्याने ठामपणे लिहिले की, नव्या थारला चार इंचांची लिफ्ट (गाडी उंच करणारा सस्पेन्शनचा संच) बसवली की फ्लेक्स, म्हणजे चाकांची वरखाली होण्याची मुभा, आपोआप वाढतो आणि कोकणातल्या पावसाळी वाटांना दुसरा इलाज नाही. हे वाचून नवे लोक पैसे घालवतील, म्हणून सविस्तर लिहितो. लिफ्टने गाडी उंच होते. चाकाची वरखाली होण्याची मुभा त्याने वाढतेच असे नाही. स्प्रिंग उंच आणि कडक घातली, पण शॉक ॲब्सॉर्बर मूळ लांबीचाच ठेवला, तर गाडी सपाट जागी उभी असतानाच तो बराचसा ताणलेला असतो आणि खड्ड्यात चाक खाली सोडायला त्याच्याकडे लांबीच उरत नाही. शिवाय २०२० पासूनच्या थारला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक स्वतंत्र वरखाली होऊ देणारी रचना) आहे. तेथे उंची वाढली की ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो, त्याच्या सांध्याचे, म्हणजे सीव्ही जॉइंटचे, रबरी बूट फाटतात आणि आपल्याकडचा लाल चिखल आत शिरला की तो जॉइंट गेलाच म्हणून समजा. त्यापेक्षा वाट सुरू होण्यापूर्वी अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू नये म्हणून डावी-उजवी बाजू जोडणाऱ्या दांड्याच्या) लिंक सोडाव्यात, म्हणजे चाके मोकळी होतात, आणि घाटाला लागण्यापूर्वी न विसरता परत जोडाव्यात.

सडा४बाय४ (लांजा):
ते विधान माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. आमच्या बागेच्या वाटेवर ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल आहेत की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. कंपनीने दिलेला २२६ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स तेथे पुरत नाही. लिंक सोडून गाडीचे पोट वर येते का? शॉक लांब हवेत, एवढेच आपले म्हणणे मी मान्य करतो.

कातळवाट:
मागचा ॲक्सल सलग आहे, हे आपण विसरता. गाडी कितीही उचलली तरी त्याच्यावरचा डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा जमिनीपासून जेवढ्यास तेवढाच राहतो. तो वर येतो फक्त मोठ्या टायरने. चाकोरीतल्या उंचवट्याला आधी टेकतो तो हा गोळा. उलट गुरुत्वमध्य वर गेल्यामुळे करूळ घाटाच्या वळणांवर गाडी जास्त कलते, ती किंमत रोज मोजावी लागते. चाक हवेत लटकलेच, तर मागचा डिफ लॉक (मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय) असलेली गाडी तरीही पुढे जाते.

पाटेवाला (हर्णे):
कॉइल स्प्रिंगवाल्यांच्या भांडणात जिप्सीवाल्याने का पडावे, असे वाटेल. पण खाऱ्या हवेचा विषय कोणीच काढला नाही. जिप्सीला चारही चाकांना पाटे (पोलादी पट्ट्यांच्या गठ्ठ्याच्या स्प्रिंगा) आहेत. किनाऱ्यावर राहणाऱ्या गाडीचे पाटे सोडून पाहा, दोन पाट्यांच्या मध्ये नारिंगी भुकटी सापडेल. त्या गंजाने पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, सगळा गठ्ठा एकाच जाड पट्टीसारखा वागतो आणि मालक म्हणतो की गाडीत फ्लेक्स नाही. पाटे सोडून, घासून, ग्राफाइट ग्रीस लावून परत बांधले की निम्मे काम होते. आणि दर वर्षी मे महिन्यात गंज धरू नये म्हणून गाडीला खालून जळके ऑईल (इंजिनातून काढलेले जुने तेल) मारून घ्यावे.

रबरबुश (चिपळूण):
शेवटच्या वाक्याला माझा तीव्र विरोध आहे. माझ्या गाडीला येथल्या एका गॅरेजने न विचारता खालून सगळीकडे जळके ऑईल फवारले. गणपतीपर्यंत मागच्या लिंकचे बुश (जोडांत बसवलेले रबर) फुगून इतके मऊ झाले की नखाने दाबले तर खूण राहायची, आणि परशुराम घाटाच्या उतारावर गाडीची मागची बाजू डोलू लागली. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते, हे मेकॅनिकला ठाऊक असायला हवे. स्थिरता बुशांवर अवलंबून असते. तेच कुजवायचे आणि मग डोलणे थांबवायला स्टॅबिलायझर विकत घ्यायचा, हा कुठला न्याय?

पाटेवाला:
माझ्या वडिलांनी त्यांच्या जीपला आयुष्यभर जळके ऑईल मारले आणि तिच्या चेसिसला आजही भोक नाही. शेजाऱ्याच्या गाडीची चेसिस मात्र शॅकलजवळ (पाटा चेसिसला जोडणाऱ्या कडीजवळ) पापडासारखी मोडली. चिपळुणात बसून समुद्राच्या वाऱ्यावर मत देणे सोपे आहे.

रबरबुश:
मी कोठे राहतो यावर बुशाचे रबर ठरत नाही. आपल्या वडिलांच्या जीपचे बुश किती वेळा बदलले, तेही लिहा. ते ऑईल पहिल्या पावसात ओघळून शेतात आणि विहिरीत जाते, त्याचा तर आपण उल्लेखही केला नाही.

पाटेवाला:
बुश बदलावे लागले, हे खरे आहे. त्याला दोष ऑईलचा की खड्ड्यांचा, हे आपण ठरवू शकत नाही. तरी यंदा बुश आणि ब्रेक झाकूनच मारायला सांगेन.

रबरबुश:
झाकून मारले तरी विहिरीचा प्रश्न राहतोच. चेसिसच्या पोकळ भागांत मेणाचे आवरण मिळते, ते वापरा.

कातळवाट:
मूळ मुद्द्यावर येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांपासून दूर जाणारे बदल चालत नाहीत. लिफ्टवाल्यांनी विम्याचा दावा करण्याची वेळ येण्यापूर्वीच याचा विचार करावा.

सडा४बाय४:
कायद्याचे मी पाहून घेईन. एक चाक गडग्याच्या चिऱ्यांवर चढवून, दुसरीकडचे चाक किती खाली उतरते आणि तेव्हा शॉक किती लांब होतो, याची मापे रविवारी टेपने घेऊन येथे देतो. शॉक आधी संपला, तर लांब शॉक घालीन. लिफ्ट मात्र काढणार नाही.