गृहकर्जाच्या एजंटची फी कधी द्यायची? सँक्शनच्या आधीच अर्धी मागतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बेळगावला लागून कंग्राळीत एक बांधलेलं घर पसंत केलंय. व्यवहार ३८ लाखांना ठरला. २ लाख देऊन संचकार पत्र, म्हणजे खरेदीचा आगाऊ करार केला, मुदत तीन महिन्यांची. त्यातला सव्वा महिना गेला. ३० लाखांचं कर्ज काढायचंय. मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे, पगार खात्यावर जमा होतो. मिसेस खाजगी शाळेत शिकवते, तिचा पगार थोडा खात्यावर, थोडा रोख. हे मुद्दाम सांगतोय, कारण एजंटचं म्हणणं असं की तुमची फाईल अवघड आहे, माझ्याशिवाय होणार नाही.

एजंट ओळखीतून आलाय. फी एक टक्का, म्हणजे ३०,००० रुपये. अर्धे आत्ता फाईल लावताना रोख, उरलेले सँक्शन लेटर हातात आल्यावर. पावती मागितली तर म्हणाला, "पावती कसली ओ, आपण गावचीच माणसं." संचकार पत्राची मूळ प्रत पण त्याला पाहिजे.

आधीच ओढाताण आहे. ऑगस्ट २०२५ च्या शेवटी आपल्याकडे नोंदणी फी १ टक्क्यावरून २ टक्के झाली, तिथंच ३८,००० जादा लागतायत. त्यावर हे तीस. पैसे द्यायला माझी ना नाही, त्यानं काम केलं तर त्याला मिळायलाच पाहिजेत. पण आधी दिले आणि कर्ज झालं नाही तर? आणि नाही दिले तर तो फाईल अडवून ठेवेल का? तेवढ्यात मुदत संपली तर माझे २ लाख जातील.

आणखी एक. त्यानं सहीसाठी दोन पानी कागद दिलाय, कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, बाजारात, कंपनीत काही अडत नाही, पण लिहिलेलं वाचताना अडखळतो. आमच्या आबांनी एकदा एका जामीनपत्रावर न वाचता सही केली होती. ते हप्ते आम्ही सहा वर्षं भरले. त्यामुळे ह्या कागदाला हात लावायची भीती वाटतेय. कुणी ह्यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

---

निवृत्त_शाखाधिकारी:

सही करू नका. आधी कन्नड वाचणाऱ्या कुणाकडून, शक्यतो वकिलाकडून, तो कागद वाचून घ्या. मूळ संचकार पत्र एजंटला अजिबात देऊ नका, झेरॉक्स द्या. मूळ प्रत बँकेत स्वतः नेऊन दाखवा.

आता फीचं. बँकेची प्रोसेसिंग फी ही बँकेच्या खात्यात जाते आणि तिची पावती मिळते. बँकेच्या वकिलाची आणि इंजिनिअरची फी वेगळी. ह्या दोन्ही तुम्हाला द्याव्याच लागतील, कर्ज नामंजूर झालं तरी त्या बहुधा परत मिळत नाहीत. एजंटचं तसं नाही. तो बँकेचा डी.एस.ए., म्हणजे बँकेनंच नेमलेला कर्ज-एजंट असेल तर त्याचं कमिशन बँकच देते, आणि तेही कर्जाची रक्कम सुटल्यावर. बँक त्याला आधी देत नाही, मग तुम्ही का द्यायचे? ज्या शाखेत फाईल लावणार तिथं जाऊन सरळ विचारा, हा माणूस तुमचा डी.एस.ए. आहे का. असेल तर तुमच्याकडून वेगळे पैसे मागायचं त्याला कारण नाही. नसेल तर तो तुमचा खाजगी सल्लागार झाला. फी मागू शकतो, पण लेखी ठरवून.

दुसरं, १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं रिटेल कर्जांना (गृहकर्ज त्यातच आलं) के.एफ.एस. म्हणजे मुख्य तपशिलांचं पत्रक सक्तीचं केलंय. व्याज, सगळे आकार, वकिलाची फी, विमा, सगळं त्यात दाखवायचं. त्यात नसलेला आकार बँक पुढे तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावू शकत नाही. आणि हे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं, समजावून सांगायचं, असं त्या नियमातच आहे. मराठीत मागा. विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात, त्याच दिवशी सही करा म्हणून कुणी घाई केली तर ऐकू नका.

---

खानापूरची:

दादा, सँक्शन लेटरवर अर्धे पैसे ह्या अटीला तर मुळीच हो म्हणू नका. आमचं तिथंच फसलं.

आमच्या एजंटनं १२,००० घेतले, वीस दिवसांत सँक्शन लेटर आणून दिलं. आम्ही पेढे वाटले. पण ते पत्र नुसतं आमच्या पगारावर होतं. खाली बारीक अक्षरात होतं की जागेची कायदेशीर आणि तांत्रिक तपासणी व्हायची आहे. मग बँकेच्या वकिलांनी उतारा मागितला. जागा ग्रामपंचायतीत, आणि उतारा निघाला ११-बी, म्हणजे रीतसर मंजुरी नसलेल्या जागेचा. फाईल तिथंच थांबली. एजंटकडे गेलो तर म्हणाला, सँक्शन करून दिलं, माझं काम झालं. पैसे आजपर्यंत आलेले नाहीत. मुलीच्या फीसाठी ठेवलेले होते ते.

कंग्राळी पण पंचायतीतच येते ना? मग एजंटच्या आधी हे बघा: घराला फॉर्म ९ आणि ११-ए, म्हणजे रीतसर जागेचे पंचायतीचे उतारे आहेत का. ११-बी असेल तर बहुतेक बँका हात लावत नाहीत, मग एजंट कितीही ओळखीचा असो. घरमालक "होऊन जातंय की" म्हणतील, त्यावर विसंबू नका, ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन नोंदीचा उतारा हातात घ्या.

---

चंदगड_ते_बेळगाव:

सगळेच एजंट वाईट नसतात म्हणून लिहितोय. माझं वेल्डिंगचं वर्कशॉप, रिटर्न दोनच वर्षांचे भरलेले. दोन बँकांनी दारातूनच परत पाठवलं. एका एजंटनं तीन महिने माझ्याबरोबर फिरून कागद उभे केले, कुठली बँक घेईल हे त्यालाच माहीत होतं. त्याला मी खुशीनं दिले. पण कधी? सब-रजिस्ट्रार ऑफिसमध्ये खरेदीखत झालं, बँकेचा डी.डी. घरमालकाच्या हातात पडला, त्यानंतर त्याच संध्याकाळी. चेकनं. हे आम्ही पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून ठेवलं होतं: रक्कम सुटल्यावर इतके, नाही सुटली तर काही नाही.

तुमचा पगार खात्यावर येतो, फॉर्म १६ असेल. तुमची फाईल कसली अवघड? वहिनींच्या पगारातला खात्यावर येणारा भाग तेवढाच धरा आणि एकदा स्वतः शाखेत जाऊन बसा.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस रजा टाकून फिरलो.

पंचायतीत गेलो. फॉर्म ९ आणि ११-ए दोन्ही आहेत, घरमालकाच्याच नावावर. जीव भांड्यात पडला.

शाखेत विचारलं. तो त्यांचा डी.एस.ए. नाही. माझे पगाराचे कागद बघून साहेब म्हणाले, थेट अर्ज करा. मिसेसचा रोख भाग धरणार नाहीत, पण माझ्या पगारावर तिचा खात्यावरचा भाग मिळवून २८ लाखांपर्यंत बसतंय. दोन लाख कमी पडतात, ते भावाकडून घेईन. के.एफ.एस. मराठीत मागितलं तर आधी इंग्रजी आणि कन्नडच आहे म्हणाले. नियम सांगितल्यावर दोन दिवसांनी मराठीत दिलं, आणि तिथल्या एका मॅडमनी ओळ न् ओळ समजावून सांगितली. आबांना बरोबर नेलं होतं. त्यांनी ते पत्रक घडी घालून खिशात ठेवलं, अजून दिलेलं नाही.

तो कन्नड कागद वकिलांकडून वाचून घेतला. कर्ज झालं नाही तरी पूर्ण फी देणं बंधनकारक, असं त्यात होतं. एजंटला नको म्हणून सांगितलं. त्यानं आधी एक दिवस माझ्याबरोबर फिरून कागदांची यादी करून दिली होती, त्याचे दोन हजार यू.पी.आय.नं दिले. रागावला, पण घेतले.

आता कावेरीवर, म्हणजे नोंदणी खात्याच्या वेबसाइटवर ई.सी.साठी (जागेवर बोजा आहे का ते दाखवणारा दाखला) अर्ज टाकायचा आहे. खानापूरच्या ताई, तुमच्या बँकेच्या वकिलांनी किती वर्षांची मागितली होती, १३ की ३०?

---

खानापूरची:

३०. एकदमच ३० ची काढा दादा, १३ ची काढली तर परत अर्ज करावा लागतोय आणि मुदतीतले दिवस जातात.