जादूच्या सर्कशीत कुणी पडतच नाही!

तिसरी रांग (पंचवटी):
भाचीने मागे लागून एक इंग्रजी कादंबरी वाचायला लावली. किशोरवयीन वाचकांसाठीची, जादूच्या सर्कशीची. सर्कस न सांगतासवरता गावाबाहेर उगवते, रात्रीच उघडते आणि तिकिटाला पैसे नाही, स्वतःची एक आठवण द्यावी लागते. सुरुवात झकास. पुढे मात्र कंटाळलो. झुल्यावरची मुलगी जादूने तरंगते, हात सुटायची भीतीच नाही. मग मी श्वास कशाला रोखू?
खऱ्या सर्कशीत जोकर मुद्दाम झुला चुकवतो, ढगळ पँट सावरत जाळीत आपटतो आणि सगळा तंबू हसतो. तसं बेतून चुकायला झुल्यावर पक्का हात बसलेला असावा लागतो. दुपारी तंबूमागे डोकावलं तर टिकल्यांचे झगमगीत पोशाख दोरीवर वाळत असतात, शेजारी स्टोव्हवर भात. या कादंबरीत तंबू आपोआप उभा राहतो. खुंट्या कोण ठोकतं याचा पत्ता नाही. माझ्या मते पुस्तक फसतं ते इथेच.

अकरावी सायन्स:
काका, दिवसभर क्लास, संध्याकाळी टेस्ट. रात्री अकराला पुस्तक उघडल्यावर मला खुंट्या ठोकणारे नको असतात. आणि कुणी पडत नाही कसं? तिकिटाला दिलेली आईची आठवण नायिकेला शेवटपर्यंत परत मिळत नाही. तुम्ही नुसती जाळी बघत बसलात.

जुनं नाशिक:
काकांशी सहमत. आपल्याकडे सर्कस म्हणजे परदेशी पुस्तकातली नवलाई नव्हे. विष्णुपंत छत्रे मूळचे घोडे शिकवणारे. मुंबईत एका इटालियन सर्कशीचे खेळ पाहिले आणि १८८० साली स्वतःची ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. केरळातल्या तलश्शेरीच्या कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी त्यांच्याच प्रेरणेने तिथे कसरतपटू तयार केले. पुण्याचे दामू धोत्रे तर वाघ-बिबटे खेळवत अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीपर्यंत पोचले. एवढा ऐवज घरात असताना आपल्या पोरांनी धुक्यातले काळे तंबू का वाचायचे?

गंगापूर रोडवाली:
ऐवज म्हणे! त्यातला चाबूक पण सांगा की. वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं यांच्या खेळांवर केंद्राने १९९८ मध्ये बंदी घातली, ती २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. २०११ मध्ये सर्कशीत मुलांना राबवायलाही त्याच न्यायालयाने मनाई केली. उगाच नव्हे. त्या झुल्यावरच्या कित्येक मुलींना कुणी विचारलं नव्हतं. जादूची सर्कस निदान कुणाची पाठ सोलत नाही.

तिसरी रांग (पंचवटी):
ताई, तुम्ही माझंच म्हणणं जास्त नीट मांडलंत. या कादंबरीतही मुलं रिंगमास्तरच्या करारात अडकलेली आहेत. पण लेखिका त्याला ‘गूढ’ म्हणून मोकळी होते. पगार किती, सुट्टी कधी, पळून गेलं तर काय होतं, यावर चकार शब्द नाही.

मेनरोड:
अहो, जादू आणि राबणं एकत्र बघायचं तर आपले फाळके बघा. त्र्यंबकेश्वरचा माणूस. सिनेमाच्या आधी आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ नावाने जादूचे प्रयोग करायचा. पहिल्या सिनेमाच्या वेळी सरस्वतीबाई अख्ख्या कंपनीचा स्वयंपाक करून वर फिल्मला भोकं पाडत होत्या. हे कळल्यावर पडद्यावरची जादू कमी होते का? मला तर वाढलेली वाटते.

अकरावी सायन्स:
हे भारी आहे, मान्य. पण ते चरित्रात वाचेन ना. कादंबरीत मला वेगळं हवंय. उदाहरणार्थ, सिंहस्थात तपोवनात साधुग्राम वसतं. हजारो तंबू, त्यात एक जास्तीचा. कुणाच्याच नोंदीत नाही. रात्री आत शिरलात तर सर्कस. पर्वणी संपली की गायब, पुन्हा थेट बारा वर्षांनी. असं मराठीत कुणी लिहिलं तर मी पहिल्या दिवशी घेईन, स्टोव्ह असो नसो.

जुनं नाशिक:
कल्पना फर्स्टक्लास. पण पोलीस, महापालिका, आखाडे, जागेची भांडणं हे सगळं आलंच पाहिजे, नाहीतर ते नाशिक कसलं?

गंगापूर रोडवाली:
आलं म्हणजे संपलीच कादंबरी. चारशे पानं नुसत्या परवानग्यांची! पोरीला आधी तंबूत तर शिरू द्या.