ताडोबाच्या सफारीत आणि बफरमधील मुक्कामात कोणती काळजी घ्यावी?

प्रश्न
मे महिन्यात आम्ही मोहर्ली गेटवरून ताडोबाची सफारी करणार आहोत. सोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा आहे. जिप्सी उघडी असल्यामुळे वाघ अगदी जवळ आला तर काय करावे, ही घरातील सर्वांचीच धास्ती आहे. मुक्काम बफरमधील, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यातील, एका होमस्टेमध्ये आहे. तेथे संध्याकाळी पायी फेरफटका मारणे कितपत योग्य ठरेल?

प्रतिसाद १
गाड्या रोज पाहून सरावलेला वाघ सहसा जिप्सीच्या बाजूने निघून जातो. मात्र कोणी उभे राहिले, हात बाहेर काढला किंवा खाली उतरले, तर तो कसा वागेल याचा भरवसा कोणीही देऊ नये. मुलाला कडेला न बसवता दोघांच्या मध्ये बसवा आणि वाघ दिसल्यावर ओरडायचे नाही, हे त्याला घरीच समजावून ठेवा. सासूबाईंसाठी एक सूचना: सकाळची फेरी सुमारे चार तासांची असते, म्हणून प्रसाधनगृहाची सोय कोठे आहे हे गाईडला निघतानाच विचारून घ्यावे. झुडपाआड जाण्यासाठी गाडी थांबवण्याचा आग्रह मुळीच धरू नये.

प्रतिसाद २
वरील सल्ला योग्यच आहे, परंतु पर्यटकांच्या हट्टाबद्दलही बोलले पाहिजे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात बछड्यांसह निघालेल्या वाघिणीची वाट जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली होती आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ‘अजून थोडे पुढे घ्या’ असे आपणच म्हणतो आणि कारवाई मात्र गाईड व चालकावर होते. प्राण्याला जाण्यास वाट मोकळी राहील इतके मागे थांबा, असे तुम्हीच चालकाला सांगा.

प्रतिसाद ३
संध्याकाळचा फेरफटका सरळ रद्द करा. बफरमध्येही वाघ, बिबट्या आणि अस्वल असतात. मला वाघापेक्षा अस्वलाचीच अधिक भीती वाटते, कारण त्याची नजर आणि कान फारसे तीक्ष्ण नसतात. टेंभुर्णीची फळे किंवा वाळवी खाण्यात गुंतलेले अस्वल माणूस अगदी जवळ येईपर्यंत बेसावध राहते आणि मग बिथरून थेट तोंडावर, डोक्यावर झडप घालते. चंद्रपूरहून मोहर्लीला शक्यतो उजेडी पोहोचा. रस्त्यात रानगवा दिसल्यास लांबच थांबावे. हॉर्न वाजवू नये, प्रखर दिवे त्याच्यावर रोखू नयेत. मोठा नर कधी कधी आडवा उभा राहून पाठीचा उंचवटा दाखवतो, फुत्कारतो. ते दर्शन नव्हे, इशारा आहे. गाडी सावकाश मागे घ्यावी.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. फेरफटका रद्द केला आहे. चंद्रपूरहून दुपारी जेवून लगेच निघू, म्हणजे अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचता येईल.