मदत हवी आहे: भाचीला आत्ताच घोडीवर बसवावं का?

माझी भाची 9 वर्षांची. घरातली मारहाण पाहून आमच्याकडे आली, तेव्हापासून कुणी हात उचलला की दचकते. दोन महिने मी तिला एका तबेल्यात नेतेय, तिथे हालांतून सोडवून आणलेले घोडे सांभाळतात. तिथली एक म्हातारी घोडी, पाठीवर खोगिराचे जुने वण, हिची मैत्रीण झालीय. पहिले तीन आठवडे ही नुसती कुंपणाशी उभी. आता खरारा करते. घोड्याला नाकासमोरचं आणि थेट पाठीमागचं दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचं, हे तीच मला शिकवते! परवा घोडीने कान मागे पाडले तर स्वतःहून दोन पावलं मागे सरकली, म्हणाली, "मावशी, तिला आत्ता नकोय." (घरात ही स्वतः 'नको' म्हणत नाही.)

आता प्रशिक्षक म्हणतात, स्वारी सुरू करू. मला घाई वाटते. शिवाय तिथे समुपदेशक नसतात, शाळेच्या ताईंना यातलं फारसं माहीत नाही.

कुणाच्या मुलांनी असं केलंय का? जमिनीवरूनच किती दिवस काम केलंत? आणि घोडी म्हातारी आहे, उद्या तिचं काही झालं तर? पोरीला आधीपासून कसं सांगायचं?