लेझरखाली मणी सारखं अंतर राखून का थांबतात?

ऋतुजा_एमएस्सी
पॉलिस्टायरीनचे (एक प्लास्टिक) एक मायक्रॉनचे मणी पाण्यात सोडून 532 नॅनोमीटरचा हिरवा लेझर टाकतोय. झोत घट्ट केंद्रित केला की मणी मधोमध अडकतो, ते कळतं. पण झोत पसरट ठेवला की तीन-चार मणी जवळ येतात आणि मधे फट राखून थबकतात. तिथे वेगवेगळे सापळे नाहीत, मग अंतर ठरवतं कोण?

प्रकाशमास्तर
मणीच ठरवतात! प्रत्येक मणी थोडा प्रकाश आजूबाजूला विखुरतो. तो मूळ झोतात मिसळला की उजळ-अंधूक वलयं उमटतात. मण्याचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याची ताकद) पाण्यापेक्षा जास्त, म्हणून तो उजेडाकडे ओढला जातो आणि शेजाऱ्याच्या वलयात जाऊन बसतो. तोही प्रकाश विखुरतोच, त्यामुळे दोघं एकमेकांना धरून ठेवतात. केंद्रांमधली अंतरं मोजून आलेख काढ. शिखरं साधारण 400 नॅनोमीटरच्या टप्प्यांनी यायला हवीत, कारण पाण्यातली तरंगलांबी 532 भागिले पाण्याचा अपवर्तनांक 1.33. बर्न्स, फूर्निए आणि गोलोव्हचेंको यांनी 1989 मध्ये हे दोन मण्यांवर दाखवलं. ऑप्टिकल बाइंडिंग (प्रकाशाने बांधणं) या नावाने शोधून बघ. माझ्या मते प्रकाशशास्त्रातला हा सर्वांत देखणा प्रयोग आहे.

काठावरचा
मास्तर, लेझरने पाणी तापून प्रवाह सुटले असतील तर?

प्रकाशमास्तर
रास्त शंका. हाफ-वेव्ह प्लेट फिरवून ध्रुवणाची दिशा, म्हणजे प्रकाशाचं विद्युतक्षेत्र ज्या रेषेत डोलतं ती, बदला. विद्युतक्षेत्राच्या दिशेने प्रकाश फारसा विखुरत नाही, काटकोनात भरपूर विखुरतो, म्हणून जोडी त्या आडव्या दिशेत पक्की बसते. प्लेटबरोबर जोडीही वळली तर हे काम प्रकाशाचंच. तापलेल्या पाण्याला ध्रुवणाचं सोयरसुतक नसतं. ऋतुजा, एक मायक्रॉनच्या मण्यांत हा फरक पुसट असेल. दोन-तीनशे नॅनोमीटरचे घेऊन बघ.

बंगळूरकर
याचाच एक भाऊबंद सांगतो. चौधरी, ॲकरसन आणि क्लार्क यांनी 1985 मध्ये विद्युतभारित मण्यांच्या एकाच थरावर दोन झोतांच्या व्यतिकरणाचे, म्हणजे ते एकमेकांत मिसळून उमटणारे उजळ-अंधूक पट्टे पाडले. पट्टे फक्त एकाच दिशेत, तरी मणी दोन्ही दिशांत षट्कोनी जाळीत गोठले! गंमत पुढे आहे. प्रखरता आणखी वाढवली की जाळी परत वितळते. मणी आपापल्या पट्ट्यात इतके जखडतात की शेजारच्या रांगेशी त्यांचा मेळ सुटतो. हे भाकीत 1995 मध्ये चक्रवर्ती, कृष्णमूर्ती, सूद आणि सेनगुप्ता यांनी मांडलं, आणि 1998 मध्ये जर्मनीत कॉन्स्टान्झला ते प्रयोगात दिसलं.

ऋतुजा_एमएस्सी
आभारी आहे, सर! प्लेट कपाटातच आहे, सोमवारी लावते. अंतरं केंद्रापासूनच मोजायची ना, कडेपासून नाही?

प्रकाशमास्तर
केंद्रापासूनच. आणि मणी काचेला चिकटलेले नाहीत, हे लेझर बंद करून आधी बघून घे. सुटे असतील तर लगेच पांगतील.