अनुभव धागा: आपला मार्का नोंदवताना – फी, कागद आणि हुकणाऱ्या मुदती

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, गोकाक या पट्ट्यात गुळापासून हायड्रॉलिक पंपापर्यंत काय बनत नाही? पण त्यातला बराच माल दुसऱ्याच्या छापाने बाजारात जातो. ट्रेडमार्कच्या सरकारी फीत छोट्यांना निम्मी सूट आहे, झालेला खर्च परत देणारी योजना आहे, तरी लोक मध्येच अडकतात. ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध आहे त्यांनी लिहावं. आपली कहाणी नको. कुठला कागद, किती पैसे, कुठली मुदत आणि नेमकं कुठे अडतं, तेवढं लिहा.

टिळकवाडी, ट्रेडमार्कचे अर्ज भरण्याचं काम

सुरुवात फीपासून करतो, कारण पहिली चूक तिथेच होते. अर्ज टीएम-ए नमुन्यात. ऑनलाइन भरला तर एका वर्गाला 4,500 रुपये, पण हा दर फक्त व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना. बाकीच्यांना 9,000. कागदी अर्ज दिला तर अनुक्रमे 5,000 आणि 10,000. दुकान एकट्याच्या मालकीचं असेल तर मालक 'व्यक्ती' म्हणून अर्ज करतो, त्याला सवलतीसाठी वेगळा दाखला लागत नाही. भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर उद्यम प्रमाणपत्र (छोटा उद्योग म्हणून केलेल्या सरकारी नोंदणीचा दाखला) जोडावंच लागतं, आणि त्यावरचं नाव अर्जातल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. उद्यम नोंदणी फुकट आहे. तिचे पैसे मागणाऱ्याला देऊ नका.

फी वर्गागणिक आहे. एकूण 45 वर्ग: 1 ते 34 माल, 35 ते 45 सेवा. मिठाई, मसाले, गूळ, पापड 30 मध्ये, लोणचं आणि खाद्यतेल 29 मध्ये, तयार कपडे आणि पादत्राणं 25 मध्ये, पंप आणि यंत्रं 7 मध्ये, हॉटेल 43 मध्ये. मसाला आणि लोणचं दोन्ही विकत असाल तर दोन वर्ग, म्हणजे 9,000. सगळीकडे नाव अडवून ठेवायचं म्हणून पाच-सहा वर्ग घेणारे भेटतात. नोंदणीनंतर 5 वर्षं आणि वर 3 महिने मार्का त्या मालावर वापरलाच नाही, तर कुणीही तो काढून टाकण्याचा अर्ज करू शकतो. जे विकता तेवढंच घ्या.

आता 'कधीपासून वापर' हा रकाना. इथे नुसतं जुनं वर्ष टाकून चालत नाही. अर्जाच्या आधीची तारीख लिहिली की वापराचं प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. पुरावा म्हणजे ज्या बिलावर मार्का छापलेला आहे असं बिल. आपल्याकडे बिलबुकावर वर मालकाचं नाव असतं आणि खाली 'मसाला 5 किलो' एवढंच. ते बिल दुकान जुनं आहे हे दाखवतं, मार्का जुना आहे हे दाखवत नाही. लेबल छापणाऱ्या प्रेसचं बिल, वर्तमानपत्रातली तारखेसह जाहिरात, पाकिटाचा नमुना ही जोड फार उपयोगी पडते. थर्मल कागदावरची बिलं दोन-तीन वर्षांत पांढरी होतात. महिन्याच्या महिन्याला झेरॉक्स काढून फाईलला लावा.

उद्यमबाग, कास्टिंग आणि मशीनिंग

सीमेवरची एक गोष्ट. कर्नाटकाचे अर्ज चेन्नईच्या ट्रेडमार्क कार्यालयात जातात, महाराष्ट्राचे मुंबईत. आपल्यातल्या कितीतरी जणांचं एक युनिट उद्यमबागेत आणि दुसरं शिनोळीत, म्हणजे चंदगड तालुक्यात. अर्जात 'धंद्याचं मुख्य ठिकाण' म्हणून जे लिहाल त्यावरून कार्यालय ठरतं, आणि नंतर पत्ता हलवला तरी कार्यालय बदलत नाही. मार्का मात्र कुठूनही नोंदवा, तो अख्ख्या भारतात चालतो. 'कर्नाटकाचा वेगळा, महाराष्ट्राचा वेगळा' असं काही नसतं. सुनावणी व्हिडिओवर होते, त्यामुळे चेन्नई लांब पडते हे कारण आता उरलेलं नाही.

उद्यमलाही तेच. एका उद्योगाला एकच उद्यम क्रमांक, दोन्ही युनिटं त्यातच दाखवायची. दोन क्रमांक काढायला जाऊ नका.

शहापूर, मिठाई आणि फराळाचे पदार्थ

'बेळगाव कुंदा' किंवा 'गोकाक करदंट' हे शब्द कुणाच्या एकट्याच्या नावावर होत नाहीत. गावाचं नाव आणि पदार्थाचं नाव, दोन्ही सगळ्यांचे. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 खाली, म्हणजे शब्द नुसतं मालाचं किंवा गावाचं वर्णन करतो म्हणून, हरकत येते. डब्यावर ते मोठं आणि आपलं खास नाव कोपऱ्यात बारीक, अशी लेबलं इथे सर्रास दिसतात. असं लेबल चित्र म्हणून नोंदलं गेलं, तरी हक्क त्या अख्ख्या चित्राचा मिळतो, आतल्या सुट्या शब्दांचा नाही. शेजाऱ्याने रंग बदलून 'बेळगाव कुंदा' लिहिलं तर काही करता येत नाही. म्हणून आधी स्वतःचा वेगळा शब्द शोधा, तो शब्द म्हणूनच नोंदवा, चित्राचं मग बघू.

देवाचं नाव ठेवायचं तर आधी ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर सार्वजनिक शोध करा. महालक्ष्मी, रेणुका, सिद्धेश्वर ही नावं वर्ग 30 मध्ये गर्दीने सापडतात. शोधताना नुसतं स्पेलिंग टाकू नका, उच्चारावरून शोधायची सोय तिथेच आहे. आणि शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र मार्क्यात टाकू नका. 1950 च्या बोधचिन्हं आणि नावं यांच्या कायद्याने त्याला बंदी आहे. भक्तीने ठेवलेलं असतं हे खरं, पण अर्ज अडतो आणि फी परत मिळत नाही.

घरात वाटणी होणार असेल तर मार्का कुणाकडे जाणार ते वाटणीपत्रात लिहा, आणि नोंदणीत टीएम-पी भरून नाव बदलून घ्या. दोन भाऊ, दोन दुकानं, पाटी एकच. हे भांडण कोर्टात वर्षानुवर्षं चालतं.

अथणी, चप्पल कारागिरांसोबत काम

कोल्हापुरी चप्पल हा ट्रेडमार्क नाही, ते भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ठरावीक भागातच बनणाऱ्या मालाची सामायिक ओळख. ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून दिलंय: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे अथणीच्या कारागिराने बनवलेली चप्पलही कायद्याने कोल्हापुरीच आहे. पण मानांकन मिळालं म्हणून प्रत्येकाला आपोआप हक्क मिळत नाही. कारागिराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून आपलं नाव नोंदवायचं असतं. त्याची फी 2020 मध्ये 500 वरून 10 रुपयांवर आणली. दहा रुपये! तरी हा अर्ज करायचा असतो हेच बऱ्याच घरांत पोचलेलं नाही, याचं वाईट वाटतं.

मानांकन सगळ्यांचं, मार्का आपला, दोन्ही हवेत. तळव्यावर आतून टाचेजवळ जो ठसा मारता तोच मार्का वर्ग 25 मध्ये नोंदवा. त्या ठशात 'कोल्हापुरी' शब्द घेऊ नका, हरकत येणार. ठसा खोल मारा. वरवर मारलेला तेल दिल्यावर पुसट होतो, मग फोटोत पुरावा म्हणून दिसत नाही.

रायबाग, गुऱ्हाळ

'ब्रँड नोंदवला की जीएसटी लागतो' ही भीती अजून जात नाही. आधी तसं होतं. 18 जुलै 2022 पासून कसोटी बदलली: मार्का नोंदलाय का हे बघत नाहीत, माल आधीच पाकीटबंद करून लेबल लावलाय का ते बघतात. तेव्हा त्या भीतीने मार्का सोडू नका.

'कोल्हापूर गूळ' हेही मानांकन आहे. इकडच्या ढेपेवर तो शिक्का मारून पाठवू नका, व्यापाऱ्याने सांगितलं तरी.

निपाणी

लिपीबद्दल कुणीतरी लिहा. माझं लेबल मराठी, पाटी कन्नड, बिल इंग्रजी.

टिळकवाडी, ट्रेडमार्कचे अर्ज भरण्याचं काम

@निपाणी, कर्नाटकात आता पाटीवर 60 टक्के कन्नड लागतं, त्यामुळे हा प्रश्न सगळ्यांचाच आहे. शब्द रोमन लिपीत शब्दचिन्ह म्हणून नोंदवा. सारखेपणा उच्चारावरूनही बघतात, त्यामुळे दुसऱ्या लिपीत लिहून केलेली नक्कलही त्यात येते. खास वळणाचं कन्नड किंवा मराठी अक्षर हीच तुमची ओळख असेल तर त्याचा चित्र म्हणून वेगळा अर्ज करा. हिंदी-इंग्रजी सोडून दुसऱ्या लिपीतला शब्द असेल तर उच्चार आणि अर्थ अर्जातच द्यावा लागतो. मराठीची लिपी देवनागरीच, तरी अर्थ लिहून टाका.

आता मुदती. माझ्या मते अर्ज जास्त मरतात ते इथेच. ट्रेडमार्क कार्यालयाचा तपासणी अहवाल (त्यात त्यांच्या हरकती असतात) आला की उत्तराला एक महिना. अहवाल ईमेलवर येतो, आणि पाठवला की पोचला असं धरतात. अर्जात नुसती एजंटची ईमेल असते, एजंट बदलतो किंवा फोन उचलत नाही, महिना संपतो, अर्ज 'सोडून दिला' म्हणून बंद. मालकाला पत्ता नाही. म्हणून अर्ज क्रमांक स्वतःकडे ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी स्थिती स्वतः बघा.

हरकतीला 'आमचं नाव जुनं आहे, कृपया द्यावे' असं उत्तर चालत नाही. कलम 9 ची हरकत असेल तर हा शब्द मालाचं वर्णन का करत नाही ते लिहा, किंवा वापरामुळे लोक तो तुमचाच म्हणून ओळखतात याचे कागद द्या. कलम 11 ची, म्हणजे दुसऱ्याच्या मार्क्याशी सारखेपणाची, असेल तर दाखवलेला प्रत्येक मार्का एकेक घ्या: माल वेगळा आहे का, उच्चार वेगळा आहे का, तो मार्का चालू तरी आहे का.

स्वीकृती मिळाली म्हणजे नोंदणी झाली असं नाही. ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून येतं आणि 4 महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो. विरोध आला तर त्याची नोटीस मिळाल्यापासून 2 महिन्यांत प्रतिउत्तर, नाहीतर अर्ज गेला. उलट बाजूही लक्षात घ्या: जर्नल दर सोमवारी निघतं आणि फुकट बघता येतं. तुमच्यासारखं नाव दुसरा कुणी नोंदवत असेल तर ऑनलाइन विरोधाची फी एका वर्गाला 2,700 आहे. नोंदणी झाल्यावर कोर्टात भांडण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त.

प्रमाणपत्र येईपर्यंत 'टीएम' लिहा. वर्तुळातला 'आर', म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, आधी छापणं कायद्याने चूक आहे. प्रेसवाला डिझाइन चांगलं दिसावं म्हणून स्वतःहून टाकतो, प्रूफ तपासा.

खानापूर, बचतगटांसोबत काम

मार्का गटातल्या एकीच्या नावावर घेऊ नका. ती गट सोडून गेली की नाव तिच्याबरोबर जातं. गटांचा संघ किंवा उत्पादक कंपनी असेल तर तिच्या नावाने घ्या. सभासदांनी मिळून वापरायचा असेल तर 'सामूहिक चिन्ह' हा वेगळा प्रकार आहे. त्यात कुणी, कसं वापरायचं याची नियमावली जोडावी लागते. ती लिहायला वेळ लागतो, पण भांडणं तिथेच मिटतात. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत, म्हणजे पीएमएफएमईत, गटांना आणि उत्पादक कंपन्यांना ब्रँडिंग-विक्रीच्या खर्चाला 50 टक्क्यांपर्यंत मदत आहे. बेळगावचं 'एक जिल्हा एक उत्पादन' गूळ आहे.

बेळगाव कॅम्प, हिशेब आणि कर सल्ला

पैसे परत मिळण्याचं मी लिहितो. केंद्राच्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या 'एमएसएमई इनोव्हेटिव्ह' योजनेत ट्रेडमार्कला 10,000 रुपयांपर्यंत, डिझाइनला 15,000 पर्यंत आणि भौगोलिक मानांकनाला 2 लाखांपर्यंत खर्च परत मिळतो. हे आगाऊ अनुदान नाही. आधी स्वतः खर्च करायचा, नोंदणीचं प्रमाणपत्र आल्यावर मागायचे. तेव्हा 'सरकार पैसे देणार' म्हणून कुणी आज तुमच्याकडून जादा घेत असेल तर थांबा. अर्जाआधी पोर्टलवरची चालू सूचना वाचून घ्या.

दावा कशाने फेटाळला जातो ते सांगतो. उद्यमवर एक नाव, प्रमाणपत्रावर दुसरं. वकिलाचं बिलच नाही, पैसे रोखीत दिलेले. फीची पावती एजंटच्या खात्यातून निघालेली. सगळं बँकेतून, उद्योगाच्या खात्यावरून द्या आणि बिलावर अर्ज क्रमांक लिहून घ्या. डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) मान्यता असलेल्या स्टार्टअपला वेगळी सोय आहे: सरकारी यादीतला सहायक निवडला तर त्याचं मानधन सरकार देतं, तुम्ही फक्त सरकारी फी भरायची.

एक तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका. नोंदणी 10 वर्षांची असते, पण ती प्रमाणपत्राच्या नाही, अर्जाच्या तारखेपासून मोजतात. नूतनीकरण टीएम-आरने, ऑनलाइन 9,000 एका वर्गाला, आणि तिथे छोट्यांना सूट नाही. मुदत उलटली तर सहा महिने जादा शुल्क भरून चालतं. प्रमाणपत्र फ्रेम करून गल्ल्यामागे लावता ना, त्याच फ्रेमच्या कोपऱ्यात ही तारीख मोठ्या अक्षरात लिहा.