दाबोळी चालू राहिलाच पाहिजे, दक्षिण गोव्याचं कोणी ऐकणार का?

आगोंदची सून:

थेट मुद्द्यावर येते. माझं सासर काणकोण तालुक्यात, आगोंदला. माडांच्या बागेत आमच्या पाच खोल्या आहेत, मी आणि सासूबाई मिळून बघतो. नोव्हेंबर ते मार्च एवढाच काय तो धंदा, त्यावर पूर्ण वर्ष काढायचं असतं. आधी पाहुणा दाबोळीला, म्हणजे वास्कोजवळच्या जुन्या विमानतळावर, उतरला की दीड-दोन तासात दारात यायचा. मग ओमान एअर मोपाला, म्हणजे उत्तरेत पेडणे तालुक्यातल्या नव्या विमानतळावर गेली, जून २०२४ मध्ये कतार एअरवेजही गेली, लंडन गॅटविकचं विमान पण तिकडेच. म्हणजे आमचा परदेशी पाहुणा आता महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या पेडण्यात उतरतो आणि तिथून अख्खा गोवा उभा कापत कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत येतो, शंभरेक किलोमीटर, वाटेत पर्वरीला उड्डाणपुलाचं काम. आठ-दहा तासांचं विमान करून आलेली म्हातारी माणसं गाडीतून उतरताना बघितली की मला लाज वाटते, चूक माझी नसली तरी.

मोपा होऊ नये असं मी कधीच म्हटलं नाही. पण एकेक विमान तिकडे सरकत राहिलं तर दाबोळी बंद केला असं कुणाला जाहीर करायची गरजच पडणार नाही, तो आपोआप रिकामा होईल. कोलवा, बाणावली, वार्का, केळशी, पाळोळे ह्या पट्ट्याने गोव्याचं नाव परदेशात नेलं. ८० च्या दशकात चार्टर विमानं, म्हणजे टूर कंपन्यांनी अख्खी भाड्याने घेतलेली, यायला लागली ती दाबोळीलाच ना? मग आंतरराष्ट्रीय विमानांचा काही वाटा तरी दाबोळीला राखून ठेवा, एवढंच मागणं आहे.

पेडणेकर७२:

ताई, तुमचा त्रास समजतो पण मागणी पटत नाही. दाबोळी हा मुळात नौदलाचा तळ आहे, आयएनएस हंसा. पोर्तुगीजांनी १९५५ च्या सुमारास बांधला, १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर तो नौदलाकडे आला. प्रवासी विमानं तिथे पाहुणी आहेत. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते दुपारी एकपर्यंतचा वेळ वर्षानुवर्षं नौदलाच्या सरावासाठी राखीव, म्हणजे दिवसातले सगळ्यात कामाचे तास गेले. युरोपातून येणाऱ्या कंपनीने काय करायचं? तिला हवी ती वेळ मिळत नाही आणि मिळते ती अडचणीची. मोपाला असं काही बंधन नाही. साडेतीन किलोमीटरचा रनवे, चोवीस तास.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. आमचा पेडणे तालुका पोर्तुगीजांच्या काळातही मागे होता आणि नंतरही मागेच राहिला. कारखाने वेर्ण्याला, बंदर वास्कोला, विद्यापीठ पणजीजवळ. आमची पोरं बारावी झाली की मुंबई नाहीतर आखात. आज माझा पुतण्या एअरपोर्टवर सामान विभागात शिफ्टला जातो आणि रात्री घरी जेवायला असतो. त्याच्या आईला काय वाटतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

चिखलीकर:

पेडणेकर दादा, तुमचा पुतण्या घरी जेवतो ह्याचा आनंदच आहे, पण आमच्या चिखली-वास्कोच्या पोरांचं काय? दाबोळीच्या भोवती पन्नास वर्षांत अख्खं एक गाव उभं राहिलं. टॅक्सीवाले, हॉटेलांना भाजी-मासळी पोचवणारे, विमानतळावर साफसफाई करणाऱ्या बायका, सगळ्यांची चूल त्या रनवेवर. बंदरावरचं खनिज बंद पडलं तेव्हा एक फटका बसला. आता हा दुसरा.

नौदलाचं कारण दर वेळी पुढे केलं जातं, पण त्याच बंधनात राहून दाबोळीने कोविडच्या आधी वर्षाला ८० लाखांवर प्रवासी हाताळले आहेत. २०१३ ला नवीन टर्मिनल बांधलं, सरकारी पैसा घातला, तो काय दहा वर्षांत मोकळा ठेवायला? आणि २००० मध्ये केंद्राने मोपाला तत्त्वतः मंजुरी दिली तेव्हा दाबोळीवरची प्रवासी वाहतूक बंद करायचं ठरलं होतं हे विसरू नका. दक्षिण गोवा रस्त्यावर उतरला तेव्हा कुठे तो निर्णय पुढे बदलला. आता दोन्ही चालू राहणार असा शब्द प्रत्येक सरकारने दिलाय. शब्द पाळायचा तर विमानं पण राहिली पाहिजेत, नुसती इमारत नाही.

खिडकीची सीट:

मी गोव्याचा नाही, पण विमानं हा माझा पोरवयापासूनचा नाद आहे आणि गोव्याला अगणित वेळा उतरलोय, म्हणून चार शब्द.

दाबोळीला एकच धावपट्टी, ती पण लढाऊ विमानांबरोबर वाटून घ्यायची. २७ डिसेंबर २०१६ ला मुंबईला निघालेलं एक विमान पहाटे उड्डाण करताना धावपट्टीवरून घसरलं, काही प्रवासी जखमी झाले आणि काही तास सगळा विमानतळ बंद. ऐन नाताळ-नववर्षाच्या गर्दीत. तेव्हा जवळ दुसरा पर्याय नव्हता. आज असं झालं तर विमानं मोपाला उतरवता येतील, आणि पावसाळ्यात मोपावर ढग उतरले तर उलटं. म्हणजे दोन असण्याचा फायदा खराच आहे आणि तो दोघांनाही आहे.

पण चिखलीकरांनी शब्द पाळायची गोष्ट काढली त्यावर सांगतो. सरकार कुठल्याही विमान कंपनीला "तू इथेच उतर" असं फार काळ सांगू शकत नाही. कंपनी बघते वेळ मिळते का, विमान उभं करायला जागा आहे का, पुढचा प्रवासी मिळतो का. बेंगळुरू आणि हैदराबादला २००८ मध्ये नवीन विमानतळ सुरू झाले तेव्हा जुन्यांची नेहमीची प्रवासी वाहतूक त्याच वेळी थांबवली. गोव्यात मुद्दाम दोन्ही ठेवले. हा निर्णय मला धाडसी वाटतो आणि बरोबरही, पण मग दाबोळीने स्वतःसाठी विमानं ओढायला काहीतरी करायला हवं, शुल्क कमी करणं, रात्रीच्या वेळा स्वस्त देणं, थंडीच्या मोसमातल्या चार्टरवाल्यांशी बोलणं. मोपाचा टर्मिनल खाजगी कंपनी चालवते, ती दारोदार जाऊन विमान कंपन्यांना आणते. दाबोळीच्या बाजूने असं दारोदार कोण जातं?

आगोंदची सून:

@खिडकीची सीट हे शेवटचं एकदम पटलं. आमच्या बाजूने जाणारं कोणीच नाही. आमदार निवडणुकीच्या आधी दाबोळी-दाबोळी करतात आणि नंतर सगळे मोपाच्या लाउंजमध्ये.

@पेडणेकर दादा, तुमच्या तालुक्याला मिळालं ते मिळू दे, माझा एक शब्द त्याच्या विरोधात नाही. पण पर्यटक परदेशी असो की दिल्लीचा, तो आधी बघतो एअरपोर्टपासून किती लांब. मोरजी, मांद्रे, हरमल आता अर्ध्या-पाऊण तासावर, मग तो आगोंदला कशाला येईल? २०१९ मध्ये गोव्यात नऊ लाखांवर परदेशी आले होते, २०२४ मध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. आधीच भाकरी लहान झालीय आणि तीही सगळी उत्तरेच्या ताटात चाललीय.

सड्यावरचा:

मला तुमच्या दोघांच्याही भांडणात एक गोष्ट कुठेच दिसत नाही म्हणून लिहितो. मोपा हे नुसतं एअरपोर्टचं नाव नाही, तो सडा आहे. जांभ्या दगडाचा पठार, पावसाचं पाणी पिऊन घेणारा, आणि त्या पाण्यावर खाली वारखंड, कासारवर्णे, चांदेल, उगवें ह्या गावांचे झरे आणि बागायती. आम्ही लहानपणी गुरं घेऊन वर जायचो, पावसाळ्यात सगळा सडा फुलांनी भरायचा. दोन हजार एकरांच्या वर जमीन गेली. धनगरांची घरं होती वर, त्यांना उठवून दुसरीकडे वसवलं.

पर्यावरण अहवालात झाडांचा हिशोब नीट दिलाच नव्हता, प्रत्यक्षात तोडली ५४ हजारांवर. मार्च २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ह्याच कारणांसाठी मंजुरी स्थगित केली होती, काम थांबलं होतं. जानेवारी २०२० मध्ये अटी घालून ती उठवली आणि ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन पण झालं. पेडणेकर दादा, तुम्ही माझ्यापेक्षा वयाने मोठे असणार, मान ठेवून विचारतो, पुतण्याची नोकरी खरी, पण जमीन आपली गेली आणि आपली पोरं लागली कुठे? सामान उचलायला, झाडू मारायला, गेटवर उभं राहायला. वरच्या जागा कुणाला मिळाल्या ते तुम्हाला पण माहिती आहे. दाबोळी बंद झाला तर मोपाची दुसरी फेज लगेच होणार, आणखी सडा जाणार. म्हणून मी पेडण्याचा असूनही म्हणतो, दाबोळी भरलेला राहू दे. आमचा उरलेला डोंगर वाचेल.

पेडणेकर७२:

सड्यावरच्या, तू म्हणतोस त्यातलं पाणी आणि झाडं मला मान्य आहे, मी पण तिथेच गुरं राखली आहेत बाबा. पण जे गेलं ते परत येणार नाही. गेलेल्या जमिनीवर जे उभं राहिलंय ते अर्धवट चालवून कुणाचं भलं होणार? सामान उचलणाऱ्या पोराने पाच वर्षांनी सुपरवायझर व्हायचं असेल तर विमानं वाढायलाच हवीत. आणि जमिनीचा मोबदला अजून ज्यांना पुरता मिळालेला नाही त्यांच्यासाठी मी तुझ्या बरोबर यायला तयार आहे, हाक मार कधीही.

वेंगुर्ल्याची:

आमच्या सिंधुदुर्गाचं पण ऐका जरा. मोपा आमच्यासाठी देवासारखा धावून आला असं म्हटलं तरी चालेल, बांद्याहून जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. माझा भाऊ मस्कतला असतो, आधी मुंबईला उतरून रात्रभर बस, आता सकाळी उतरतो आणि दुपारच्या जेवणाला घरी. शिरोडा, आरवली, रेडी इकडे पण पाहुणे यायला लागलेत.

पण दाबोळीवाल्यांचं दुखणं मला कळतं कारण आमचा चिपीचा विमानतळ. ९ ऑक्टोबर २०२१ ला केवढ्या थाटात सुरू झाला. आणि २०२४ मध्ये मुंबईचं नेहमीचं विमानच बंद पडलं. परुळ्याचे लोक अजून विचारतात की एवढा माळ दिला तो कशासाठी. मोठ्या विमानतळाच्या सावलीत लहान वाढत नाही हे आम्ही डोळ्याने बघतोय. चिपीपासून मोपा, मोपापासून दाबोळी, ही किनाऱ्यावरची एवढीशी पट्टी आणि त्यात तीन, आणि तिघांचा मिळून विचार करणारा एकही माणूस नाही कारण दोन राज्यं, नौदल, विमानतळ प्राधिकरण, खाजगी कंपन्या, प्रत्येकाचा हिशोब वेगळा.

चिखलीकर:

वेंगुर्ल्याच्या ताईंनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. माझं म्हणणं एवढंच की मोसमातली चार्टर विमानं, जी थेट समुद्रकिनाऱ्याच्या पाहुण्याला आणतात आणि ज्यांच्यातले बरेच पाहुणे दक्षिणेतल्या मोठ्या हॉटेलात उतरतात, ती दाबोळीला ठेवायला काय हरकत आहे? हॉटेलवालेच जर कंपन्यांना म्हणाले की आम्हाला दाबोळी हवा, तर ऐकावं लागेल.

खिडकीची सीट:

हो, हे होऊ शकतं. चार्टरमध्ये अख्खं विमान टूर कंपनी भाड्याने घेते, त्यामुळे हॉटेल कुठे आहे त्याला वजन असतं. फक्त एकाच टूर कंपनीवर भिस्त नको. सप्टेंबर २०१९ मध्ये थॉमस कुक बुडाली तेव्हा ब्रिटिश पाहुण्यांचा मोठा वाटा गोव्याच्या हातातून गेला होता.

आगोंदची सून:

आमचे पण तेव्हाचे तीन बुकिंग गेले होते, एक जोडपं दर वर्षी यायचं, परत कधी आलंच नाही.

हॉटेलवाल्यांना पत्र लिहायचं मी मनावर घेते. पाळोळे-आगोंदचे आम्ही लहान खोल्यांवाले पंधरा-वीस जण आहोतच, मोठी हॉटेलं सोबत येतात का बघू. पण तोपर्यंत एक मदत करा. मोपाहून पणजी, मडगावला कदंबच्या सरकारी बस आहेत हे माहितीये, पण थेट काणकोणला रात्रीची काही सोय आहे का? टॅक्सीचं भाडं ऐकून पाहुणे आधी मलाच फोन करतात आणि मला उत्तर देता येत नाही.

पेडणेकर७२:

थेट काही नाही ताई. दिवसा उतरणारे असतील तर मडगावची बस धरायला सांगा, तिथून काणकोणला गाड्या भरपूर. नाहीतर मोपाहून थिवीं स्टेशनपर्यंत गाडी करून कोकण रेल्वेने काणकोण, फक्त सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, वेळापत्रक बघून घ्या. रात्रीचं मात्र कठीण आहे. माझा पुतण्या आहे तिथे, टॅक्सी काउंटरवरून एखादा भरवशाचा माणूस ठरवून देईल, मला मेसेज करा.

आगोंदची सून:

करते दादा. शुक्रवारी एक कुटुंब परत जायचंय, पहाटे सहाचं विमान. मध्यरात्रीच खोली सोडतील. दोन लहान मुलं आहेत त्यांच्यात.